कशाचं हिरवं?

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना वर्गात ‘हिरवा’ हा शब्द चालत नसे. ‘लाल’ तर त्याहून चालत नसे. कुणी विचारलं, “सर, हे पान हिरवं रंगवू का?” की ते हातातली छत्री जमिनीवर टेकवायचे आणि उलट विचारायचे, “कशाचं हिरवं?” छत्री वर्गातसुद्धा हातात कशाला, हे विचारायची आमची छाती नव्हती.

मग पोरगं घाबरत म्हणे, “भेंडीचं.” सर विचारत, कोवळ्या भेंडीचं की जून? जून म्हटलं, तर झाडावरच्या की बाजारात दोन दिवस पडून राहिलेल्या? एवढं सगळं ठरलं की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, “हं, आता रंगव. नुसतं हिरवं असं जगात काही नसतं.” एका पानाला अशी पाच-पाच मिनिटं जात. आमचा अभ्यासक्रम कधीच पुरा झाला नाही, पण आमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला मंडईत उभं केलं असतं, तर तो भाजी न हाताळता कालची कुठली आणि आजची कुठली ते सांगू शकला असता. घरच्या बायका आमच्यावर खूश असत त्या एवढ्यापुरत्या.

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली आणि पुढे स्वतः ड्रॉइंग शिकवून पोट भरायला लागले. तेव्हा त्यांच्याविषयी मी जे सांगेन त्यात पक्षपात असणार. तो धरूनच चाला.

डहाणूची आमची शाळा खाजगी. चिकूचे वाडीवाले, गवताचे व्यापारी आणि एक-दोन वकील अशांनी मिळून ती काढलेली. फळ्यावरची सूचना मराठीत लागे आणि खाली तीच गुजरातीत. चिंचणीची मुलं एसटीनं येत, आगरची चालत, तलासरीकडची वसतिगृहात राहत. ड्रॉइंगचा हॉल म्हणजे कमिटीतल्या एकाचं जुनं गवताचं गोदाम होतं. हवा जरा दमट झाली की भिंतींना वाळलेल्या गवताचा वास सुटे. हेडमास्तरांना त्या वासानं शिंका येत, म्हणून ते सहसा तिकडे फिरकत नसत. सरांना ती सोय फार आवडे.

मुलांना गाणं, चित्रकला वगैरे असावी असं कमिटीलाही वाटे, पण शेवटच्या तासाला. परीक्षा जवळ आल्या की तो तास गणिताला जाई. सर यावर वाद घालत नसत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते फाटकाशी छत्री आडवी धरून उभे राहत आणि सापडतील तेवढी मुलं पुन्हा आत वळवत. खाडीतली माती आणून तिची भांडी करायला लावत. मुलग्यांना रांगोळी सक्तीची होती. मच्छीमारांची दांडगी पोरं जीभ बाहेर काढून ठिपके मोजताना बघायला आम्ही मुली मुद्दाम थांबत असू. कुणाच्या बापानं येऊन विचारलं, की हे सगळं पोराच्या काय उपयोगाचं, तर सरांचं उत्तर ठरलेलं असे. “उपयोगाचं सगळं त्याला घरी मिळेल. बिनउपयोगाचं कुठे मिळणार? ते इथे मिळायला पाहिजे.”

दिसायला ते काटकुळे होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. पाच वर्षांत अंगावर दुसरा रंग म्हणून दिसला नाही. कुणी चिडवलंच, तर म्हणत, पांढरा रंग कुणाशी भांडत नाही. माणूस देशावरचा, मासे खात नसे, आणि चिंचणीला भाड्यानं राहत होता ते नेमकं बोंबील वाळत घालतात तिथे. वासाचं काय, असं विचारलं तर म्हणे, वास आहे म्हणून घर चुकत नाही.

फळ्यावर त्यांचा हात असा चाले की बघत राहावं. शिंगापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत, खडू न उचलता, एका रेघेत बैल काढत. तो बैल शिपायालाही पुसवत नसे. पण रंगाचा तास आला की सरांचे दोन्ही हात पाठीमागे जात ते तास संपेपर्यंत. ब्रश म्हणून कधी हातात घेतला नाही. इतर शाळांतले मास्तर मुलाच्या हातातून ब्रश ओढून घेत आणि चित्र सुधारून देत. आमचे सर नुसते प्रश्न विचारत.

याचं कारण आम्हाला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं. ती कैनाडची. रोज रानातून चालत यायची आणि तिला सगळ्याची कारणं ठाऊक असायची. तिचं म्हणणं, सर काशीला जाऊन आले असणार. आमच्याकडे काशीहून आलेली माणसं एखादं आवडतं फळ किंवा भाजी सोडतात. माझ्या आत्यानं पेरू सोडला होता आणि पेरूच्या दिवसांत ती सगळ्यांवर खेकसत असे. तसे सरांनी रंग सोडले, असं मैत्रीण म्हणाली. आम्हाला ते तेव्हाच पटलं. आवडीची एवढी मोठी वस्तू सोडणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडे त्याच आदरानं बघत होतो.

एका गॅदरिंगला पडदा रंगवायचा होता. नाटकात रान होतं. सरांनी मांजरपाट शिवून घेतला, त्यावर खडूनं अशी झाडं काढली की सावली पडेल असं वाटावं. रंग पुडीचे होते, डब्यांत कालवून ठेवलेले. कुठल्या डब्यात काय आहे, ते सर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी झाकणावर चिकटवत. इथेच घात झाला. आम्ही मुलींनी आदल्या दिवशी डबे पुसून लख्ख केले आणि झाकणं हाताला येतील तशी बसवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेक झाकण वाचून डबा उघडला, आतला रंग काठीनं ढवळला आणि ‘पानं’ म्हणून एक डबा आमच्या हातात दिला. आत लालभडक रंग. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पण भेंडीच्या पानावर पाच मिनिटं घालवणारा माणूस लाल रंग देतोय, तर काहीतरी विचार असणार. आपण कोण विचारणारे? आम्ही दुपारपर्यंत सगळं रान लाल करून टाकलं.

शिंका आवरत हेडमास्तर आले आणि पडद्यापुढे उभे राहिले. त्यांनी विचारलं, “झाडं लाल का?”

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी हेडमास्तरांकडे पाठ केली, माझ्या मैत्रिणीकडे वळले आणि नेहमीसारखंच विचारलं, “कशाचं लाल?”

ती म्हणाली, “पळसाचं, सर. आमच्या वाटेवर फाल्गुनात असतं तसं.”

सर हेडमास्तरांना म्हणाले, फाल्गुनातलं रान आहे, पळस फुललाय, तलासरीच्या बाजूला जाऊन बघा. हेडमास्तर म्हणाले, पण नाटकात तर श्रावण आहे. त्यावर सर म्हणाले, “मग नाटक बदला.” शेवटी नाटकात एक वाक्य बदललं, श्रावणाचा फाल्गुन झाला. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी पडद्याची तोंड भरून स्तुती केली. आम्हाला वाटलं, सरांनी सगळं आधीच ठरवलं होतं.

त्या काळी सरकारी ड्रॉइंग परीक्षा होत, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. आमच्या शाळेत सेंटर नव्हतं. परीक्षेला बाहेरगावी जाऊन दोन-तीन दिवस मुक्काम करावा लागे. मुलगे जात, धर्मशाळेत राहत, हॉटेलात बटाटेवडे खात आणि बहुतेक नापास होऊन मजेत परत येत. मुलींना कोण पाठवणार? शाळेत चांगला हात मुलींचा होता आणि परीक्षेला एकही मुलगी आजवर बसली नव्हती. सरांच्या मनाला ते फार लागे. सेंटर इथेच मिळावं म्हणून दोन वर्षं त्यांनी वर पत्रं लिहिली. अखेर उत्तर आलं की पंचवीस विद्यार्थी बसत असतील तर देऊ.

सर कामाला लागले. फॉर्म छत्रीच्या घडीत खोचून ते आगर, चिंचणी, कैनाड असे घरोघर हिंडले. एकेका आईबापाची सही आणली. एक-दोन नावं कमी पडतात असं दिसल्यावर शाळेच्या शिपायालाच बसवावं असं त्यांनी हेडमास्तरांना सुचवून पाहिलं. शिपाई तयार होता, हेडमास्तर नव्हते. शेवटच्या आठवड्यात चोवीस फॉर्म जमले. पंचविसावी मी होते, आणि मी घरी विचारलंच नव्हतं.

कारण आमचे बाबा. त्यांची चिकूची वाडी होती, शाळेच्या कमिटीत ते होते, आणि चित्रकला ही शेवटच्या तासाची गोष्ट आहे हे मत मुळात त्यांचंच. मागे एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, “कशाला गं बाय, पाट्या रंगवणार काय स्टेशनवर?” माझं सरळ होतं. परीक्षा झाली तर पुढे ड्रॉइंग टीचरचा कोर्स करता येणार होता. नाही झाली तर मॅट्रिकनंतर वाणगावचं एक स्थळ होतं, त्यांची वाडी आमच्यापेक्षा मोठी होती. आणि आता तर माझ्या एका फॉर्मवर बाकीच्या अकरा मुलीही अडकल्या होत्या. मला जेवण जाईना.

रविवारी सर स्वतःच वाडीत आले. चिकू उतरवून झाले होते, बाबा झाडाखाली बसून निवडत होते. त्यांनी सरांना बाजेवर बसवलं, चहा सांगितला आणि आपली नेहमीची परीक्षा सुरू केली. माणूस पारखायची बाबांची ही रीत होती. चिकू कच्चा असो की तयार, वरून सारखाच मातकट दिसतो. नखानं जरासं खरवडायचं. खाली हिरवं दिसलं तर तो कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. डहाणूतल्या पाच वर्षांच्या पोराला हे येतं. बाबा व्यापाऱ्याला, पोस्टमनला, अगदी सोयरिकीच्या पाहुण्यांनाही सहा चिकू देत आणि म्हणत, सांगा यातले पेटीत भरायचे कोणते. वाणगावच्या मंडळींनी सहाच्या सहा बरोबर सांगितले होते, हेही मला ठाऊक होतं.

सरांनी छत्री बाजूला ठेवली. एकेक चिकू घेतला, नख लावलं, उजेडाकडे धरून मन लावून पाहिलं आणि त्यातले तीन पेटीत ठेवले. तिन्ही कच्चे होते. लांबून मला खालचं हिरवं दिसत होतं.

बाबांना थट्टा वाटली. म्हणाले, मास्तर, परत बघा. सरांनी परत पाहिलं. एक काढून दुसरा ठेवला. तोही कच्चाच.

त्या क्षणी मला सगळं कळलं. पांढरे कपडे, पाठीमागचे हात, झाकणावरच्या चिठ्ठ्या, लाल रान. काशीचा काही संबंध नव्हता. माझे कान गरम झाले, जणू चोरी माझीच पकडली गेली होती.

बाबांनी चाकू खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “मास्तर, तुम्हाला हिरवं दिसत नाय काय?”

“दिसतं,” सर म्हणाले. “पण लालही तसंच दिसतं.”

त्यांनी छत्रीतून फॉर्म काढला, बाजेवर ठेवला आणि निघाले. चहा आला तेव्हा ते फाटकाबाहेर गेले होते.

बाबा मग जे सुरू झाले ते विचारू नका. ड्रॉइंगच्या मास्तराला रंग दिसत नाही म्हणजे काय? पोहायच्या मास्तराला पाण्याची भीती? इतकी वर्षं याला आम्ही ठेवला, गावाला कळलं तर कमिटीनं तोंड कुठे लपवायचं? मंगळवारी मीटिंग होती, तिथे हे मांडायचं त्यांनी ठरवून टाकलं. फॉर्म तसाच बाजेवर पडला होता. आई मध्ये काही बोलायला गेली तर तिलाही बोलणी बसली.

मी बाबांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशीही उलट नाही बोलले. एवढंच म्हणाले, “बाबा, उद्या त्यांच्या तासाला एकदा बसा. मग कमिटीत काय सांगायचं ते सांगा.”

का कोण जाणे, पण ते आले. गोदामातल्या शेवटच्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावेनात. सर आत आले, त्यांनी बाबांना पाहिलं, आणि आज त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. टेबलावर एका ताटात पानं होती, आंब्याचं, केळीचं, चिकूचं, शेवग्याचं. सरांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले की आज आधी एक सांगायचं आहे.

त्यांनी सांगितलं, अगदी बैलाची रेघ ओढावी तसं, न थांबता. लहानपणी आई शेतातून लाल मिरच्या तोडून आण म्हणे आणि ते हिरव्या घेऊन येत, मार खात. पुढे ट्रेनिंगला रंगाच्या ट्यूबांवर नावं लिहिलेली असत, तेवढ्या वाचून पास झाले. रंग दिसत नाहीत, तेव्हा ज्यांना दिसतात त्यांना विचारायचं, हे ते शिकवायला लागल्यावर शिकले. “मी तुम्हाला रंग शिकवले नाहीत,” ते म्हणाले. “तुम्हीच मला सांगत आलात. हे आधी सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.”

मग माझी मैत्रीण उभी राहिली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “म्हणजे सर, तो पळस तुम्हाला दिसलाच नव्हता?”

“नाही,” सर म्हणाले. “तू सांगितलंस तेव्हा दिसला.”

ती खाली बसली आणि बाकावर डोकं ठेवून रडली. मीही रडले.

सरांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, कारण तास अजून संपला नव्हता. आंब्याच्या पानापासून सुरुवात झाली. एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडलं, नेहमीची भांडणं लागली. चिकूच्या पानाशी आल्यावर मात्र सगळे अडले. सरांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, वर्गात वाडीवाले बसलेत, त्यांना विचारू.

बाबा गडबडले. पण वाडीवाल्याला चिकूबद्दल विचारलं आणि तो गप्प बसला असं डहाणूत झालेलं नाही. ते बाकातून सुटून उभे राहिले. कोवळं पान कसं असतं, जून कसं, पाणी कमी पडलेल्या झाडाचं कसं, खारं वारं लागलेलं कसं, सांगतच सुटले. पाणी कमी पडलं की पानाचं हिरवं उन्हात ठेवलेल्या मेंदीच्या पुडीसारखं होतं, हे मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. पोरं वहीत लिहून घेत होती. सर बाबांना शेंड्यापासून देठापर्यंत असे प्रश्न विचारत होते की बाबांना त्यांच्याच वाडीतलं नवं काही सापडत होतं.

शेवटी सरांनी विचारलं, “आणि काल जे मला दिसलं नाही, ते? चिकूच्या सालीखालचं. ते कशाचं हिरवं?”

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमची ही दोरीवर कपडे वाळत घालते ना, सकाळी. हात वर केला की चुड्यातून ऊन येतं. हिरव्या बांगडीतून. ते हिरवं.”

सगळा वर्ग हसला. बाबा कानापर्यंत लाल झाले. कशाचं लाल ते मी सांगत नाही. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य बाबांनी म्हटलं तसंच लिहून घेतलं.

फॉर्म बाबांच्या खिशातच होता. तास संपल्यावर सरांच्या टेबलावर, त्या पानांच्या ताटाशेजारी, त्यांनी सही केली आणि वर सरांनाच दटावलं, की ही पोर नापास झाली तर बघा. मंगळवारच्या मीटिंगमध्ये चित्रकलेचा विषय निघालाच नाही. उठताना बाबा हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, “ड्रॉइंगचे मास्तर चांगले आहेत. फक्त त्यांना चिकू आणायला पाठवू नका.” हेडमास्तरांना याचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही. आम्हा पोरांपैकी कुणी तो सांगितला नाही. डहाणूसारख्या गावात एवढी मुलं एका गोष्टीवर गप्प राहिली, हाही एक चमत्कारच. आईला मात्र चुड्याची गोष्ट त्याच दिवशी कळली, आणि पुढचे आठ दिवस तिनं कपडे मागच्या दारी वाळत घातले.

सेंटर आलं. बारा मुली परीक्षेला बसल्या, जेवायला घरी गेल्या, परत येऊन पुढचा पेपर दिला. नियमाप्रमाणे सरांना आत यायची परवानगी नव्हती. रंगाच्या पेपराला ते बाहेर उन्हात उभे होते, छत्री असून बंद. मला बी ग्रेड मिळाली. मैत्रिणीला ए मिळाली आणि तिनं ती मला बरीच वर्षं ऐकवली. पुढच्या वर्षी बाबांनी कमिटीत भांडून ड्रॉइंगचा तास दुपारच्या सुट्टीआधी आणून ठेवला.

पण बाबांनी त्याहून मोठी गोष्ट केली ती मीटिंगनंतरच्या रविवारी. त्यांनी सरांना वाडीत बोलावलं आणि म्हणाले, डोळे मिटा. सर मिटेनात, तेव्हा बाबांनी स्वतःचे मिटून दाखवले. कच्च्या चिकूवर भुसा असतो, खरखरीत. तयार झाला की तो अंगठ्यानं पुसला जातो, साल गुळगुळीत लागते. बुडाशी बारीक काटा असतो, तो बोट लावताच गळतो. नखाची गरज काय? सरांना हे जमायला दोन हंगाम लागले. बाबा त्यांना चुकल्यावर रागवत, आणि ते मुकाट ऐकून घेत. बाबांना आयुष्यात मिळालेला हा एकच विद्यार्थी. रविवारी त्यांची वाट बघत ते फाटकाशी जाऊन उभे राहत.

मी कोर्स केला, दुसऱ्या गावी नोकरीला लागले. वाणगावच्या लोकांना दुसरी मुलगी मिळाली, ती ड्रॉइंगमध्ये माझ्यापेक्षा बरी होती असं नंतर कळलं. वर्गात मीही ‘कशाचं हिरवं’ विचारते. मला तर सगळे रंग दिसतात. तरी विचारल्यावरच नीट दिसतात.

बाबा गेले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीतून चिकूंची टोपली घेऊन चिंचणीला सरांकडे गेले. ते निवृत्त झाले होते, खोली तीच होती, अंगणात बोंबील वाळत होते. त्यांनी टोपली मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि एकेक फळ अंगठ्याखाली फिरवून दोन ढीग करायला लागले. बाबा करत तसंच, आधी अंग, मग बूड. एकही चुकला नाही. शेवटचा चिकू हातात घेऊन ते थांबले आणि म्हणाले, याला झाडावरून उतरायची घाई झालेली दिसते, बघ जरा.

मी नख लावलं. “हिरवा आहे, सर.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “कशाचं हिरवं?”

बाबा गेल्यापासून आईचे हात मोकळे होते.

“चुड्याचं,” मी म्हटलं. “उन्हातल्या.”

सरांनी मान हलवली. तो चिकू त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि कच्च्यांच्या ढिगात न ठेवता खिडकीत, उजेडात ठेवला.

“म्हणजे अजून तसंच आहे,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.